केतनच्या मागची भिंत

मटारची शेंग अंगठ्याने फोडता फोडता सूर्यकांत टिपणिसांचा हात थांबला. टेबलावरच्या लॅपटॉपमध्ये केतन बोलत होता आणि कुमुद नेहमीप्रमाणे पडद्याला इतकी खेटून बसली होती, की तिकडे केतनला आईचं फक्त कपाळ दिसत असावं. सूर्यकांतांची मान खाली, मांडीवरच्या परातीत होती. तेवढ्यात डोळ्याच्या कडेला काहीतरी थरथरलं.

त्यांनी वर पाहिलं. केतन होता, केतनच्या मागे पांढरी भिंत होती, आणि सगळं जागच्या जागी होतं. ते पुन्हा शेंगांकडे वळले. पुन्हा तीच थरथर.

आता मात्र त्यांनी मान वर केली नाही. नजर मुद्दाम परातीवरच ठेवली आणि कडेने बघत राहिले. हे त्यांचं जुनं कसब. दूरदर्शनच्या स्टुडिओत इंजिनिअर म्हणून उभी नोकरी काढलेला माणूस. नव्याने लागलेल्या पोरांना ते पहिल्याच आठवड्यात सांगत, की मॉनिटर लुकलुकतोय का हे बघायचं असेल तर मॉनिटरकडे बघू नका, शेजारच्या भिंतीकडे बघा. समोरून बघणारा डोळा अक्षरं वाचतो, चेहरे ओळखतो, पण लुकलुक त्याच्या हातून निसटते. कडेच्या नजरेला चेहरा ओळखता येत नाही, पण लुकलुक तिला आधी कळते. पोरं आधी हसायची, मग गपचूप करून बघायची.

कडेने बघितल्यावर सूर्यकांतांना सापडलं. केतनच्या मागच्या भिंतीवरून फिकट करड्या आडव्या पट्ट्या खालून वर सरकत होत्या. एकदा कळल्यावर त्या सरळ बघूनही दिसू लागल्या. केतनच्या तोंडावरूनही त्या जातच होत्या, पण बोलत्या चेहऱ्यावरच्या पट्ट्या कोण बघतं? सहा-सहा दिवस वाट बघून मुलाचं तोंड बघणारी आई तर नाहीच नाही.

“केतन, खोलीत नवा दिवा लावलास का रे?” त्यांनी विचारलं.

“दिवा? नाही बाबा. का?”

“काही नाही. उजेड जरा वेगळा वाटला.”

“अच्छा, ते नेटवर्क असेल. आज जरा स्लो आहे.”

सूर्यकांतांनी मान डोलावली आणि पुढची शेंग घेतली. नेटवर्क बिघडलं की चित्राचे चौकोनी तुकडे पडतात, आवाज तुटतो, माणूस तोंड उघडं ठेवून थिजतो. सारख्या अंतरावर, एका चालीने चढत जाणाऱ्या पट्ट्या नेटवर्कमुळे येत नाहीत. आणि हे न कळायला केतन काही कॉमर्सचा नव्हता; इलेक्ट्रॉनिक्सची डिग्री घेऊन गेली सहा वर्षं तो न्यू जर्सीत नोकरी करत होता. मुलगा थाप मारतोय एवढं सूर्यकांतांना तिथल्या तिथे कळलं. कशाबद्दल, ते कळलं नाही.

दर रविवारी सकाळी आठला केतनचा फोन येई. इकडे दिल्लीत, मयूर विहारमध्ये सकाळ, तेव्हा तिकडे शनिवारची रात्र. म्हणून त्याच्या खोलीत पडदे ओढलेले आणि दिवा लावलेला. या सहा वर्षांत त्याने दोन घरं बदलली, दाढी ठेवली आणि काढली, पण लॅपटॉप तोच राहिला. आणि एकाही रविवारी त्या पट्ट्या सूर्यकांतांच्या नजरेला पडल्या नव्हत्या.

घरातल्या दिव्याचा उजेड सलग असतो, ही आपल्या डोळ्याची समजूत. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास हेलकावे खाते आणि दर हेलकाव्यात दिवा दोनदा मंदावतो. स्वस्तातला एलईडी असेल तर जरा जास्तच. इतकं भरभर होऊ लागलं की डोळा हात टेकतो आणि सगळं एकत्र कालवून एकच शांत उजेड आपल्यापुढे ठेवतो. कॅमेऱ्याला असं कालवता येत नाही. तो चित्र ओळीओळीने टिपतो. काही ओळींच्या वाट्याला भरला उजेड येतो, काहींच्या वाट्याला मंद, आणि त्याच्या पट्ट्या होतात. त्या होऊ नयेत म्हणून कॅमेऱ्याची चाल विजेच्या चालीशी जुळवून ठेवावी लागते. आपल्याकडे पन्नास. अमेरिकेत साठ, कारण तिथली वीजच साठाने चालते.

हे सूर्यकांतांनी पुस्तकातून घेतलेलं नव्हतं. फार पूर्वी अमेरिकेहून एक चित्रीकरणाचं पथक दिल्लीत आलं होतं, आणि त्यांच्या प्रत्येक दृश्यात अशाच पट्ट्या धावत होत्या. पाहुणे दिल्लीच्या व्होल्टेजला दूषणं देत राहिले. शेवटी सूर्यकांतांनी त्यांचे कॅमेरे पन्नासाच्या चालीवर आणून दिले तेव्हा पट्ट्या गेल्या. ही गोष्ट त्यांनी पुढे इतक्यांदा सांगितली, की जेवताना त्यांनी “एकदा अमेरिकेहून” असं म्हटलं की केतन ताट उचलून उठायचा.

म्हणजे केतनचा कॅमेरा साठवरच होता, विकत घेतला तसा. बदलला होता तो दिवा. खरं तर दिवाही नाही, दिव्यातली वीज, आणि ती काही कुणी पिशवीत घालून अमेरिकेत नेत नाही. सूर्यकांत परात घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि दाणे सालांच्या टोपलीत टाकून बाहेर आले.

मग सगळा आठवडा मनात पाल चुकचुकत राहिली. कंपनीने लंडनला पाठवलं असेल? तिथेही पन्नासच. पण ऑफिसातलं कॉफीचं मशीन बदललं तरी आईला सांगणारा हा मुलगा, लंडनला गेल्याचं लपवेल कशाला? लग्नबिग्न करून बसलाय? पोलिसांचं काही लफडं? नोकरी गेली असेल, हा विचार सर्वांत आधी आला होता आणि सूर्यकांतांनी तो सर्वांत शेवटी मनावर घेतला. अमेरिकेत नोकरी गेली की दोन महिन्यांत दुसरी शोधा नाहीतर चालते व्हा, हे त्यांनी वाचलं होतं, ओळखीपाळखीत ऐकलंही होतं. पण चालता होऊन माणूस जाईल कुठे? घरीच येईल ना. आणि घरी तर तो आलेला नव्हता.

एके दुपारी कुमुद झोपलेली बघून त्यांनी स्वतःचा लॅपटॉप उघडला, कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये पन्नासाचे साठ केले, खिडकीचा पडदा ओढला आणि दिवा लावला. पडद्यावर ते स्वतः उमटले, आणि त्यांच्या मागच्या भिंतीवरून, कॅलेंडरवरून, त्यांच्या टकलावरून फिकट करड्या पट्ट्या वर सरकू लागल्या. अगदी तशाच. 

“काय बघताय एवढं स्वतःकडे?” कुमुद दारात उभी होती.

“काही नाही. कॅमेरा बिघडल्यासारखा वाटतोय.”

ती मागे येऊन उभी राहिली. पडद्यात आता दोघं होते आणि दोघांवरून पट्ट्या जात होत्या. सूर्यकांतांनी घाईघाईने पुन्हा पन्नास केले. पट्ट्या गेल्या.

“झाला की दुरुस्त,” कुमुद म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

तिला यातलं काही कळू द्यायचं नाही, हे त्यांनी त्याच वेळी ठरवलं. कुमुद केंद्राच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झालेली, तशी खमकी बाई. पण दोन वर्षांपासून रक्तदाबाची गोळी चालू होती, आणि केतनचं नाव निघालं की तिचा सगळा खमकेपणा गळून पडायचा. सोसायटीतल्या बायकांना, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टर्समधल्या जुन्या शेजारणींना ती केतनच्या घराचे फोटो दाखवत असे. तिला धक्का बसून चालणार नव्हतं. आपण आधी खरं-खोटं करू, मग बेताने सांगू, असा त्यांचा हिशेब होता.

पुढच्या रविवारी ते शेंगाबिंगा न घेता, हात मोकळे ठेवून बसले. पट्ट्या होत्याच. केतन खोकत होता. दिवाळी होऊन गेलेली, दिल्लीवर धुराचं झाकण बसलेलं, आणि सगळं मयूर विहार असंच कोरडं कोरडं खोकत होतं.

“बाहेर बर्फ पडायला लागला का?” सूर्यकांतांनी सहज विचारल्यासारखं विचारलं. “जरा खिडकीतून दाखव की.”

“आता रात्र आहे बाबा. काळोखात काय दिसणार?”

“रस्त्यावर दिवे असतील ना.”

“खिडकी मागच्या बाजूला आहे,” केतन म्हणाला, आणि त्याला पुन्हा खोकला आला. तो खरा होता की सोयीचा, हे सूर्यकांतांना ठरवता येईना. पोटच्या पोराचा खोकला आपण असा तपासतोय याचं त्यांना वाईट वाटलं, तरी ते तपासत राहिले.

तेवढ्यात केतनची खोली अंधारली. चित्र क्षणभर थिजलं. लॅपटॉपच्या उजेडात फक्त त्याचं नाक आणि कपाळ दिसत होतं. लांबून कसलीतरी घरघर सुरू झाली आणि दिवा परत आला.

“बल्ब लूज आहे,” कुणी न विचारता केतन म्हणाला. “बदलायचाय.”

सूर्यकांत भिंतीकडे बघत होते. मघाशी वर चढणाऱ्या पट्ट्या आता खाली उतरत होत्या, आणि जरा घाईने. बल्ब सैल असला तर पट्ट्या दिशा बदलत नाहीत. सरकारी वीज पन्नासाला धरून चालते. ती गेली आणि सोसायटीचा जनरेटर सुरू झाला, की तो त्या पन्नासाच्या थोडा पुढे नाहीतर मागे पळतो. वीज जाते आणि मिनिटाच्या आत जनरेटर घरघरू लागतो, अशी घरं न्यू जर्सीत कुठून असणार? नोएडात होती. गुडगावात होती. गाझियाबादेत तर नवे टॉवर सगळे तसेच.

कुमुदने वीज गेल्याबद्दल चकार शब्द काढला नाही. तिने तुळस, आलं, मिरी किती घालायची आणि काढा कितीपर्यंत आटवायचा ते केतनला सांगितलं, आणि तो “हो आई, बिल्कुल” म्हणत राहिला. तिच्या काही लक्षात आलं नाही हे बघून सूर्यकांतांच्या जिवात जीव आला.

गाझियाबाद म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे अनुराग आला. केतनचा कॉलेजातला जिवलग मित्र. लग्न न केलेला, तिथल्या वैशालीत चौदाव्या मजल्यावर एकटा राहणारा. सोमवारी सूर्यकांत खाली बागेत गेले आणि तिथून त्यांनी त्याला फोन लावला. नवा वेबकॅम घ्यायचाय, कुठला घेऊ, असं विचारायचं त्यांनी घोकून ठेवलं होतं.

“नमस्ते अंकल,” अनुराग म्हणाला. “केतन से तो बहुत दिन से बात ही नहीं हुई।”

सूर्यकांतांनी अजून केतनचं नावही घेतलेलं नव्हतं.

त्यांनी मग वेबकॅमचं विचारलं. अनुरागने कंपन्यांची नावं सांगितली, किंमती सांगितल्या, आणि सुटलो एकदाचा अशा आवाजात नमस्ते म्हटलं. सूर्यकांत बराच वेळ बाकावर बसून राहिले. माळी पाइप घेऊन आला तेव्हा त्यांना उठावं लागलं.

दोन दिवसांनी, बँकेत जाऊन येतो असं कुमुदला सांगून ते मेट्रोने वैशालीला गेले. जाताना ते संतापलेले होते. वाटेत त्यांनी काय काय बोलायचं ते मनात जुळवलं होतं. आईबापांना वेडं समजतोस का? इथे हाकेच्या अंतरावर राहून आम्हाला रात्र-दिवसाची नाटकं दाखवतोस? लाज नाही वाटत? अनुरागच्या टॉवरखाली जाऊन ते उभे राहिले आणि त्यांनी मान वर केली. धुरात वरचे मजले नीट दिसतही नव्हते. जे दिसत होते त्यांतल्या कितीतरी खिडक्यांना भरदिवसा पडदे ओढलेले होते.

वॉचमनने कुणाकडे जायचंय विचारलं. सूर्यकांतांच्या तोंडून नाव निघेना. वर जाऊन बेल वाजवली, दार उघडलं, समोर केतन उभा राहिला, तर पुढे काय? त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जे उमटेल ते आपल्याला बघवणार आहे का, हा प्रश्न त्यांना आत्ता, चौदा मजल्यांच्या पायथ्याशी पडला.

आणि मग दिवाळीतला फोन आठवला. समोरच्या ब्लॉकमधला सुजय कॅनडातून कायमचा परत आला होता. ती बातमी केतनला सूर्यकांतांनीच रंगवून सांगितली होती. गेला होता पेढे वाटून, आलाय तोंड लपवून. आता दिवसभर गॅलरीत कुंड्यांना पाणी घालतो, बाप लिफ्टमध्ये भेटला की छताकडे बघतो. सांगताना ते खो खो हसले होते. केतनही हसला होता, पण जरा उशिराने. तो उशीर त्यांनी नेटवर्कच्या खात्यात टाकला होता. तेव्हा केतन याच टॉवरमध्ये असेल का, पडदा ओढून, दिवा लावून? बहुधा असेल.

सूर्यकांतांना लाज वाटली. भर रस्त्यात, वॉचमनसमोर, कानापर्यंत गरम करणारी लाज. मुलगा चोर आहे असं समजून ते त्याच्या मागावर आले होते, आणि मुलगा तर त्यांच्याच हसण्याला भिऊन लपला होता.

“किसी के यहाँ नहीं, भैया,” ते वॉचमनला म्हणाले. “गलत जगह आ गया।”

घरी कुमुदने बँकेत गर्दी होती का असं विचारलं. त्यांनी हो म्हटलं.

त्या रविवारी आठला फोन वाजला तेव्हा काय बोलायचं हे सूर्यकांतांनी ठरवलेलं नव्हतं. कुमुदपुढे विषय काढता येणार नव्हता, आणि कुमुदला उठवून लावलं तर तिला संशय येणार होता. इतकंच ठरवलं होतं, की आज काही तपासायचं नाही. केतन बारीक दिसत होता. डोळ्यांखाली काळं झालं होतं. त्याने ऑफिसातल्या कुठल्याशा मीटिंगची हकिगत सुरू केली आणि सूर्यकांत ती खरी असल्यासारखी ऐकू लागले. त्या खोट्या मीटिंगमध्ये त्याच्या साहेबाने त्याची स्तुती केली होती, हे ऐकून त्यांना भडभडून आलं.

कुमुदने मध्येच हात पुढे करून पडद्यावर बोट ठेवलं.

“अहो, या बघा रेघा. त्या दिवशी तुमच्या लॅपटॉपवर आल्या होत्या तशाच. मागे भिंतीवर हलतायत.”

सूर्यकांत दचकले. केतनची मीटिंग अर्ध्यात थांबली.

“नेटवर्क आहे गं आई,” तो म्हणाला.

“नेटवर्क नाही. बाबांनी काहीतरी बदललं आणि गेल्या होत्या. सांगा की त्याला, काय बदललंत ते.”

 सूर्यकांतांनी कुमुदकडे पाहिलं, ती भिंतीकडे बघत होती. काहीबाही सांगून वेळ मारून नेता आली असती. पण पट्ट्या तशाच राहिल्या असत्या, कुमुदने पुढच्या रविवारी पुन्हा विचारलं असतं, आणि केतनला पुन्हा थाप मारावी लागली असती. आणि आज नाही सांगितलं तर मग कधी, हेही त्यांना सुचेना.

“केतन,” ते म्हणाले, “व्हिडिओच्या सेटिंगमध्ये जा. खाली फ्लिकर असं काहीतरी दिसेल. दिसलं?”

“हो.”

“साठ आहे ना?”

“हो.”

“पन्नास कर.”

केतनचा हात उचलला गेला आणि तसाच राहिला. इलेक्ट्रॉनिक्सवाल्याला पन्नास म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. तो थेट कॅमेऱ्यात बघत होता.

“बाबा,” तो म्हणाला.

“कर रे. काही होत नाही त्याने. नीट दिसशील.”

एक टिचकी ऐकू आली. भिंत स्थिर झाली. आता कुमुद काय म्हणते या धास्तीने सूर्यकांत तिच्याकडे वळले.

कुमुदने लॅपटॉप थोडा आपल्याकडे ओढला.

“आता बरं दिसतंय,” ती म्हणाली. “आणि हे बघ, दर नोव्हेंबरात तिकडची घड्याळं तासभर मागे जातात ना, की मग तुझा फोन आठचा नऊला येतो. पाच वर्षं येत होता. यंदा विसरलास. तिसरा रविवार आहे हा. यापुढे नऊला करत जा, नाहीतर बाबांच्या लक्षात येईल.”

बाबा तिच्या शेजारी, कोपराला कोपर लागेल इतके जवळ बसले होते. घड्याळाची गोष्ट त्यांना ठाऊक होती, आणि तरी ती त्यांना या तीन आठवड्यांत एकदाही सुचली नव्हती. म्हणजे हिला जेव्हापासून कळलं तेव्हापासून ही काढ्याच्या कृती सांगत होती. ते तिच्याकडे बघत राहिले. तिने त्यांच्याकडे बघितलं नाही. फक्त टेबलाखाली तिचा हात त्यांच्या गुडघ्यावर आला.

केतनने तळहातांनी तोंड झाकलं होतं. खांदे हलत होते.  त्याच्या खिडकीबाहेरून, ओढलेल्या पडद्याआडून, भाजीवाल्याची भोंग्यावरची हिंदी आरोळी स्वच्छ ऐकू आली आणि आज ती लपवायला त्याने आवाज बंद केला नाही.

“आई,” तो शेवटी म्हणाला, “मी येऊ?”

“ये. येताना दही आण. घरातलं आंबलंय.”

आता आपणही काहीतरी बोलायला हवं हे सूर्यकांतांना कळत होतं. रागाची जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली होती. सुजयबद्दल हसलो ते चुकलं, असं म्हणावंसं वाटत होतं, पण तोंडून निघालं ते वेगळंच. 

“आनंद विहारला गाडी बदल,” ते म्हणाले. “तिथून मेट्रोची गुलाबी लाइन आता सरळ आपल्या इथे येते. तू गेलास तेव्हा येत नव्हती.”

“माहितीये, बाबा,” केतन म्हणाला. “दोनदा आलो होतो. सोसायटीच्या गेटपर्यंत.”